चार लाखांहून कमी वस्तीचा आइसलँड महिला फुटबॉलमध्ये जर्मनीला हरवतो कसा? आणि मग वर्ल्ड कपमध्ये दिसत का नाही?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. पहिल्याचं उत्तर मला बऱ्यापैकी देता येईल. दुसऱ्यानं माझ्या दोन रात्रींची झोप खाल्लीय, त्याच्याकडे नंतर येतो.

मी कोल्हापूरचा. इथं फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, तालमींचे संघ आणि पेठापेठांतली खुन्नस. मी शाळकरी मुलींना फुटबॉल शिकवतो आणि आइसलँडच्या मुलींचा नाद मला त्यातूनच लागला. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या घरात होती. आइसलँडचा अख्खा देश त्यात मावून वर जागा उरेल.

आधी जर्मनीचं. एकदा नाही, दोनदा हरवलंय. पहिल्यांदा ऑक्टोबर २०१७ मध्ये, वीसबाडेनला, म्हणजे जर्मनीच्याच अंगणात, ३-२. दाग्नी ब्रिन्यार्सडोटिरचे त्यात दोन गोल. दुसऱ्यांदा १२ जुलै २०२४ ला रेक्याविकमध्ये ३-०, आणि त्या विजयावर २०२५ च्या युरोचं, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेचं तिकीट. खरं सांगायचं तर त्या दिवशी जर्मनीची जागा आधीच पक्की होती, त्यांना जिवावर उदार होऊन खेळायची गरज नव्हती. तरी ३-० म्हणजे ३-०. पहिला गोल कॉर्नरवरून हेडरनं, तोही इंगिब्योर्ग या बचावपटूचा. त्याच्या तीन महिने आधी जर्मनीतल्या आखेनला हाच जर्मनी ३-१ नं जिंकला होता आणि त्या सामन्यात आइसलँडची आघाडीची खेळाडू स्वेन्दिस पहिल्याच हाफमध्ये जखमी होऊन बाहेर गेली होती. जुलैत ती मैदानात होती, तिसरा गोल तिचाच. हा तपशील लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता कसं जमतं ते. लोक ‘थंडीतली काटक माणसं’, ‘व्हायकिंग रक्त’ असलं काहीबाही लिहितात. मला ते पटत नाही. रक्त हजार वर्षं तेच होतं. महिलांची लीग १९७२ पासून आहे, पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९८१ चा, आणि युरोच्या मुख्य स्पर्धेत पहिल्यांदा पोचल्या त्या थेट २००९ मध्ये. मधल्या काळात बदललं ते छप्पर.

जानेवारीत तिथं दिवस पाच तासांचा. बाहेर बर्फ, वारा. पूर्वी हिवाळ्यात खडीच्या मैदानावर नाहीतर शाळेच्या जिममध्ये खेळायचं, एवढंच हातात. २००० मध्ये केफ्लाविकला पूर्ण आकाराचं मैदान आत मावेल असा हॉल झाला, मग एकेका गावानं तसे हॉल उभे केले. शिवाय शाळांच्या शेजारी कृत्रिम गवताची छोटी मैदानं, शंभरावर. म्हणजे पोरगी शाळा सुटली की दप्तर कडेला टाकून खेळायला मोकळी.

पण नुसत्या हॉलनं काय होतंय? हॉल आपल्याकडेही होतील एखाद्या दिवशी. त्या हॉलमध्ये संध्याकाळची चांगली वेळ कुणाला मिळते, तिथं खरी मेख आहे. आमच्याकडे मैदान मुलांचं, आणि मुलं दमून घरी गेली की मुलींचं. तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि चेंडू दिसत नाही, त्यामुळे मी आवाजावर पास शिकवलाय असं गमतीनं सांगतो. आइसलँडमध्ये मुलगे आणि मुली एकाच क्लबात, त्याच हॉलमध्ये, त्याच वेळापत्रकात. फीसाठी नगरपालिका दर मुलामागे हातभार लावते. आणि सहा-सात वर्षांच्या पोरींना शिकवणारा माणूसही परवाना काढलेला, पगारी प्रशिक्षक असतो. कुणाचा तरी मोकळा काका नाही. मी स्वतः सुरुवातीला तो मोकळा काका होतो, म्हणून बोलतोय.

दर जुलैत रेक्याविकला खेटून असलेल्या कोपावोगुरमध्ये ब्रेइदाब्लिक क्लब फक्त मुलींची स्पर्धा भरवतो. हजारो लहान मुली येतात, बाहेरगावच्या संघांचा मुक्काम शाळांच्या वर्गात. आजच्या राष्ट्रीय संघातल्या मुली लहानपणी अशाच उन्हाळी स्पर्धांत खेळून वर आल्यात.

स्वर्ग आहे असं समजू नका. २०२१ मध्ये पुरुष संघातल्या खेळाडूंवरच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी आइसलँडच्या फुटबॉल महासंघानं नीट हाताळल्या नाहीत म्हणून अध्यक्ष आणि अख्खं मंडळ पायउतार झालं. त्यानंतर अध्यक्ष झाल्या वांडा सिगुर्गेर्सडोटिर, महिला संघाच्या माजी कर्णधार आणि माजी प्रशिक्षक.

नावांचंही सांगतो, कारण सामना पाहताना पहिल्यांदा सगळेच गोंधळतात. सगळ्या ‘डोटिर’ कशा? बहिणी आहेत का? नाही. तिथं आडनाव असं बहुतेकांना नसतंच. विगोची मुलगी ती विगोसडोटिर, योनची मुलगी ती योन्सडोटिर. लग्नानंतर बदलत नाही, कारण बाप बदलत नाही. आपल्याकडे मधलं नाव लग्नाच्या दिवशी उडतं. हे ऐकून माझ्या संघातल्या एकीनं वहीवर स्वतःचं नाव ‘सुरेशडोटिर’ लिहून आणलं होतं.

तर अशी तयार झालेली मुलगी घरच्या छोट्या लीगमध्ये फार दिवस राहत नाही. ग्लोडीस पेर्ला विगोसडोटिर बायर्न म्युनिकची कर्णधार. सारा ब्यॉर्क गुन्नार्सडोटिरनं २०२० च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये फ्रान्सच्या ल्यॉनकडून वोल्फ्सबुर्गविरुद्ध गोल केला, आणि वोल्फ्सबुर्ग म्हणजे तिचाच काही आठवड्यांपूर्वीचा क्लब. हीच सारा पुढं गरोदरपणात अडवलेल्या पगारासाठी ल्यॉनविरुद्ध फिफाकडे गेली आणि ८२ हजार युरोंवर रक्कम वसूल करून आली. राष्ट्रीय संघाकडून १४५ सामने खेळून २०२३ च्या जानेवारीत तिनं निवृत्ती घेतली. त्यातला एकही सामना वर्ल्ड कपचा नाही.

आता दुसरा प्रश्न.

२०१९ चा वर्ल्ड कप: वीसबाडेनला जर्मनीला हरवूनही शेवटी गोष्ट घरच्या चेक प्रजासत्ताकाविरुद्धच्या सामन्यावर आली. जिंकलं की प्लेऑफची, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या जादा सामन्यांची आशा. १-१ असताना अगदी शेवटी पेनल्टी मिळाली, मारायला सारा, आणि गोलकीपरनं ती अडवली.

२०२३ चा: ६ सप्टेंबर २०२२, उट्रेख्ट, समोर नेदरलँड्स. आइसलँड गटात एका गुणानं पुढं. बरोबरी झाली तरी थेट वर्ल्ड कप. मी मध्यरात्री मोबाइल उशीला टेकवून बघत होतो, आवाज बंद, शेजारी बायको झोपलेली. डच मुलींनी गोलवर नुसता भडिमार केला आणि गोलकीपर सांड्रा एकेक चेंडू काढत राहिली. साठ मिनिटं, सत्तर, नव्वद. ०-०. मग ९३ व्या मिनिटाला एस्मे ब्रुख्ट्स. १-०. मी काहीतरी ओरडलो असणार, कारण बायकोनं दिवा लावला.

महिन्याभरानं प्लेऑफ, पोर्तुगालमध्ये. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच आइसलँडला रेड कार्ड आणि वर पेनल्टी. दहा जणींनी १-१ केलं, ग्लोडीसच्या गोलानं. जादा वेळेत पाय संपले. ४-१.

याला लोक दुर्दैव म्हणतात. थोडं असेलही. पण मला वाटतं इथंच चार लाखांचा हिशेब आडवा येतो. चांगल्या अकरा जणी या देशातून निघतात, हे सिद्ध झालंय. बाराव्या ते तेविसाव्या तशाच निघत नाहीत. डच प्रशिक्षक सत्तराव्या मिनिटाला मागं वळून बघतो तेव्हा बाकावर तेवढ्याच ताकदीची ताजी मुलगी बसलेली असते. आइसलँडच्या बाकावर जी असते ती कष्टाळू असते, पण स्वेन्दिस नसते. आखेनला तेच झालं. त्यात युरोपची पात्रता फेरी म्हणजे जर्मनी, डच, फ्रान्स यांच्यासारखं कुणीतरी बहुतेक वेळा गटात असतंच. याच मुली दुसऱ्या एखाद्या खंडात असत्या तर आतापर्यंत दोनदा तरी गेल्या असत्या, असं माझं मत.

युरोतही तीच रड. २०१३ ला उपांत्यपूर्व फेरी गाठली, ती सर्वांत मोठी मजल. २०२२ ला इंग्लंडमध्ये बेल्जियम, इटली, फ्रान्स तिघींशी १-१. एकही सामना न हरता गटातूनच घरी! २०२५ ला स्वित्झर्लंडमध्ये मात्र तिन्ही हरल्या, त्यावर बोलावंसं वाटत नाही.

पहिल्यांदाच बघणार असाल तर २०२२ च्या युरोतला इटलीविरुद्धचा सामना शोधा. स्वेन्दिसचा थ्रो-इन बघा. टचलाइनपासून मागं सरकते, धावत येते, आणि हातानं टाकलेला चेंडू थेट गोलच्या तोंडाशी. प्रत्येक थ्रो म्हणजे फुकटचा कॉर्नर. माझ्या मुलींनी महिनाभर त्याची नक्कल केली. दर वेळी मागचा पाय जमिनीवरून उचलला जायचा आणि मी शिट्टी वाजवायचो. एकीला जमायला लागलाय. इटलीविरुद्धचा गोल अशाच थ्रोवरून आलाय, तोही तिसऱ्याच मिनिटाला, तेव्हा चहा आधी करून घ्या.