मधले शिंपले

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

खडकात मिळालेले दोन जबडे, एक मोठा, एक लहान. प्रजाती एक की दोन, असं तू विचारलंस. आधी एक काम कर. चेंदणीच्या कोळणीकडून तिसऱ्यांचा एक वाटा घे, लहान-मोठ्या बघून. सुकं आईला करू दे, शिंपले तुझे. (वाट्यात खुबे निघाले तर भांडण तिच्याशी, माझ्याशी नको.) प्रत्येकाची लांबी-उंची व्हर्नियर मोजपट्टीने मोज आणि आलेखावर ठिपके मांड. सलग रांग दिसेल. आता मधल्या आकाराचे शिंपले उचलून ठेव. उरले दोन पुंजके. नवखा माणूस छातीठोकपणे सांगेल, प्रजाती दोन! खडकातले मधले नमुने असेच नाहीसे झालेले असतात, फक्त कुणी उचलले ते दिसत नाही. आपण आखलेली सीमा पुष्कळदा त्या रिकाम्या जागेवरूनच जाते.

रामापिथेकस हा जीवाश्म वानर आठव. जीवाश्मतज्ज्ञ लुईस यांना १९३२ मध्ये शिवालिक टेकड्यांत वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला, १९३४ मध्ये त्याला रामाचं नाव पडलं. तुकड्यावरून अख्ख्या जबड्याची कमान माणसासारखी कल्पिली आणि साठच्या दशकात तो आपला पूर्वज म्हणून मिरवला. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या दुसऱ्या जीवाश्म वानराचा चेहरा सापडला. १९८२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ पिलबीम यांनी त्याचं वर्णन छापलं, तोंडवळा ओरांगउटानचा! रामापिथेकस शिवापिथेकसमध्ये विरघळला. शिवाचं नाव १९१० चं, म्हणून आधीचं नाव राखायच्या नियमाने तेच टिकलं. रामापिथेकस म्हटलेले लहान जबडे बहुधा माद्यांचे असावेत. ओरांगउटानचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो, तेव्हा आकारातल्या फरकाने एवढं हुरळून जायला नको होतं. पण पूर्वज सापडल्याचा आनंद मोजपट्टीला जुमानत नाही.

उलटंही होतं बरं. पावसाळ्यात रात्री येऊरला उभी राहा. काही बेडूक वेगळ्या प्रजातींचे असूनही दिसायला इतके सारखे की हातात घेऊनही फसशील, ओळख पटते ती आवाजाने. वरळीच्या खडकात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेडकाचे सांगाडे मिळाले, पण ओरडणं काही दगडात उरलं नाही. आपसात प्रजनन होतं का, ही जिवंत प्राण्यांची कसोटी तिथे लावणार कशी?

म्हणून तुझ्या लहान जबड्याच्या चिठ्ठीवर तूर्त पेन्सिलनेच लिही. दातांची झीज पाहिलीस का? तो पिल्लाचा तर नाही ना?

रविवारी वही घेऊन ये. मधले शिंपले वेगळ्या पिशवीत आण.

तुझ्या बाई