सत्य माहीत असणं चांगलं की अज्ञानात सुखी राहणं?

माझ्या मते माहीत असणं चांगलं. पण ज्याच्या आयुष्याबद्दलचं ते सत्य आहे त्यानेच ठरवावं किती ऐकायचं आणि कधी. आपल्याकडं आजारपणात नेमकं उलटं होतं, अख्ख्या घराला माहीत, पाहुण्यारावळ्यांना माहीत आणि ज्याचा रिपोर्ट आहे तोच अंधारात.

माझ्या मावशीला अंडाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा मावसभावांनी ठरवलं की आईला सांगायचं नाही, ती खचेल. तिला सांगितलं की साधी गाठ होती, काढली, आता अशक्तपणा आहे म्हणून दर तीन आठवड्यांनी ताकदीचं सलाईन लावायचं. रिपोर्टची पिशवी कपाटावर मागं सरकवून ठेवलेली, डॉक्टरांचा फोन आला की उठून गॅलरीत जायचं. सगळं मायेपोटीच, त्याबद्दल शंका नाही. पण एकदा मी सोबत गेले होते तेव्हा शेजारच्या बेडवरच्या बाईंनी सहज विचारलं, "ताई, तुमची कितवी किमो?" आणि मावशी शांतपणे म्हणाली, "तिसरी." नंतर मला म्हणते, "अगं केस गेले तेव्हाच कळलं मला, पण पोरांना बोलू नकोस, घाबरतील."

म्हणजे अज्ञानात कुणीच नव्हतं, फक्त एकमेकांशी बोलणं बंद होतं. पुढं आजार परत उलटला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की आता पूर्ण बरं होणं शक्य नाही, वेगळ्या औषधाची किमो दिली तर कदाचित थोडे महिने वाढतील पण त्रासही होईल, की नुसतं दुखणं आटोक्यात ठेवायचं? हा प्रश्न खरं तर तिचा होता, पण आजाराचं नावच सांगितलेलं नाही तर हे विचारणार कोण आणि कसं, मग मुलांनीच किमोला हो म्हणून टाकलं. तिला गावी मामाकडं जाऊन राहायचं होतं, ते हॉस्पिटलच्या फेऱ्यांमध्ये राहूनच गेलं. मला याचा अजून राग येतो.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आहे, आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के, लक्षणं बहुतेक तिशी ते पन्नाशीत सुरू होतात आणि तो बरा करणारं औषध अजून नाही. अमेरिकन संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हा आजार होता, त्यांनी व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या, हा आजार असलेल्या कुटुंबांत वर्षानुवर्षं काम केलं आणि १९९३ मध्ये त्याचा जीन सापडला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यामुळे आता रक्ताच्या एका टेस्टवर आधीच कळू शकतं, तरीही ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यातले बहुतेक लोक ती टेस्ट करून घेत नाहीत. त्यांना भित्रं म्हणणं मला पटत नाही. कळून उपाय काहीच हातात नसेल तर पुढची वीस वर्षं त्या सावटाखाली का काढायची, हा त्यांचा विचार आहे आणि तो त्यांनी स्वतः, डोळे उघडे ठेवून केलाय. मावशीच्या वतीने मात्र दुसऱ्यांनीच ठरवलं, मला फरक इथं दिसतो.

तुम्ही कुठल्या संदर्भात विचारलंय माहीत नाही, पण घरात कुणाचा रिपोर्ट येणार असेल तर तो यायच्या आधीच त्यांना विचारा, "जे काय असेल ते तुम्हाला सगळं ऐकायचंय का, की डॉक्टरांनी आमच्याशी बोलावं?" काही जण खरंच म्हणतात की मला नको, पोराला सांगा, तर तसं करा. फक्त दोनचार आठवड्यांनी परत एकदा विचारा, कारण माणसाचं मन बदलतं.