जाळी काढून टाकू का?

प्रश्न : वय ५४, एसटीत कंडक्टर आहे. तीन वर्षांपूर्वी उजव्या जांघेतल्या हर्नियाचं जाळी टाकून ऑपरेशन झालं. जखम छान भरली, पण तिथे अजून करंट बसल्यासारखं होतं. पॅन्टची शिवण घासली तरी सहन होत नाही. घरचे म्हणतात, जाळी आत कुजली, काढून टाका. डावीकडेही आता फुगवटा दिसतोय. काय करू?
- एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : जाळी कुजत नाही हो. ती पॉलिप्रॉपिलीनची असते आणि एव्हाना तिच्या छिद्राछिद्रांतून तुमचंच मांस वाढलेलं आहे. मात्र ती थोडी आक्रसते, आणि जांघेतल्या तीन बारीक नसांपैकी एखादी त्या व्रणात आवळली जाऊ शकते. तुमचं वर्णन तसंच आहे. तीन महिन्यांनंतरही दुखत राहणं शंभरातल्या दहाएक जणांना होतं, तेव्हा ‘मनाचे खेळ’ म्हणून कुणी वाटेला लावलं तर ऐकू नका.

आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनकडेच जा. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद सोबत न्या. जाळीचं स्टिकर बहुधा केसपेपरवर चिकटवलेलं असतं. मी अशा रुग्णाच्या हातात पेन देतो आणि दुखतं तेवढ्या भागाभोवती स्वतःच रेघ ओढायला सांगतो. मग कापसाने हलकेच स्पर्श करून बघतो. त्या नसेपाशी भुलीचं इंजेक्शन दिल्यावर तासाभरापुरतं का होईना दुखणं गेलं, तर चोर सापडला. नाही गेलं, तर सोनोग्राफी करून हर्निया परत आलाय का बघायचं, खुबा आणि कंबरही तपासायची. दिवसभर हलत्या गाडीत उभं राहणाऱ्याची कंबर मी तरी सोडणार नाही.

नसेचं दुखणं गोळ्यांनी, पुन्हा इंजेक्शनांनी बऱ्याच जणांचं आटोक्यात येतं. जाळी काढणं अगदी शेवटी, तेही हे काम नेहमी करणाऱ्याकडूनच. ती सोडवताना वृषणाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, हर्निया परत येऊ शकतो. टाक्यांतून पू येत असेल, ताप किंवा लाली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. जंतुसंसर्ग वर्षांनंतरही होतो.

डाव्या बाजूला जाळीविना ऑपरेशन होऊ शकतं. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची पद्धत त्यातलीच: पोटाच्या स्नायूच्या पांढऱ्या पडद्याची पट्टी वापरून भिंत मजबूत करतात. नसा तिथेही असतातच, त्यामुळे उजवीकडचा त्रास डाव्या बाजूच्या सर्जनला आधीच सांगा. विडी-तंबाखूचा खोकला आणि बद्धकोष्ठता असेल तर त्यावर आजपासून इलाज करा. फुगवटा कडक होऊन आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, ड्युटी संपायची वाट बघायची नाही.