लिनक्सवर गेम : आधी यादी, मग इन्स्टॉलेशन

प्रश्न : माझ्या संगणकावर विंडोज १० असून तो विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. नवा संगणक घेण्याऐवजी याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी असा विचार आहे. परंतु स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून पैसे मोजून घेतलेले गेम त्यामुळे हातचे जातील की काय, अशी धास्ती वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे ही अडचण आपल्या एकट्याची नाही. दहा वर्षांपूर्वी आपली धास्ती पूर्णपणे रास्त ठरली असती. आज मात्र ‘लिनक्सवर गेम चालतात का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. आपण कोणते गेम खेळता, हे आधी पाहावे लागते.

विंडोजसाठी लिहिलेला गेम दोन गोष्टी गृहीत धरून चालतो. फाइल उघडणे, की-बोर्ड वाचणे यांसारखी कामे विंडोज करून देईल ही पहिली, आणि पडद्यावरचे चित्र मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्समार्फत काढले जाईल ही दुसरी. पहिल्या गरजेवर १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘वाइन’ या प्रकल्पाने उपाय शोधला. वाइन संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा करत नाही. गेम विंडोजकडे जे मागतो ते वाइन लिनक्सकडून मिळवून देतो, आणि गेमचा मूळ कोड प्रोसेसरवर थेट चालतो. चित्रांचा प्रश्न बराच काळ अडून राहिला होता. २०१६ मध्ये ‘व्हल्कन’ हे खुले ग्राफिक्स मानक आले आणि त्यानंतर डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलून देणारे ‘डीएक्सव्हीके’ तयार झाले; डायरेक्टएक्स १२ साठी ‘व्हीकेडी३डी-प्रोटॉन’ हा वेगळा थर आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ या नावाने वाइन आणि डीएक्सव्हीके यांची सांगड घालून ती स्टीममध्येच उपलब्ध करून दिली. त्यामुळे पूर्वी ज्यासाठी रात्रभर सेटिंगशी झटावे लागे, ते काम आता बहुतेक वेळा ‘प्ले’ बटण दाबले की होते. एकट्याने खेळायच्या गेमपुरते बोलायचे तर आपण फारशी काळजी करू नये.

आपला संगणक जुना असल्याने एक गोष्ट मात्र आधी तपासावी. डीएक्सव्हीकेच्या दुसऱ्या पिढीला व्हल्कन १.३ लागते. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीतील ग्राफिक्स कार्डांना, म्हणजे ६०० आणि ७०० मालिकांतील बहुतेक कार्डांना, कंपनीच्या ड्रायव्हरकडून (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडून) ही पातळी मिळत नाही. तेथे प्रोटॉनची एखादी जुनी आवृत्ती निवडून काही गेम चालतात, पण तो कायमचा तोडगा समजू नये. एएमडीच्या कार्डांसाठी लागणारा ड्रायव्हर बहुतेक लिनक्स वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) आधीपासूनच असतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बहुधा वेगळा बसवावा लागतो, आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त स्वाक्षरी असलेले प्रोग्रॅम चालू देणारी सोय) चालू असेल तर त्याच्या स्वाक्षरीचा सोपस्कारही पूर्ण करावा लागतो.

विंडोज पुसण्यापूर्वी आपण खरोखर खेळता त्या गेमची यादी करून प्रत्येक नाव ‘प्रोटॉनडीबी’ या संकेतस्थळावर शोधावे. तेथे खेळाडूंनी स्वतःचे अनुभव नोंदवलेले असतात आणि त्यांवरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड अशा श्रेणी मिळतात. श्रेणीपेक्षा नोंदीची तारीख आणि नोंदवणाऱ्याचे ग्राफिक्स कार्ड याला मी अधिक महत्त्व देतो. चार वर्षांपूर्वीच्या ‘प्लॅटिनम’पेक्षा गेल्या महिन्यातला, आपल्यासारख्याच कार्डावरचा ‘गोल्ड’ केव्हाही अधिक भरवशाचा.

प्रश्न : एल्डन रिंग आणि फोर्टनाइट या दोन्ही गेममध्ये ईझी अँटी-चीट वापरले जाते असे वाचले. मग पहिला लिनक्सवर व्यवस्थित चालतो आणि दुसरा चालत नाही, हे कसे? यावर काही युक्ती आहे का?

उत्तर : आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या गेममधील फसवणूक पकडणाऱ्या दोन्ही प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनला आधार देण्याची तयारी दाखवली. परंतु तो आधार आपोआप लागू होत नाही. प्रत्येक गेमच्या निर्मात्याने तो आपल्या गेमपुरता चालू करावा लागतो. एल्डन रिंगसाठी तो चालू आहे, फोर्टनाइटसाठी नाही. म्हणजे येथे अडसर तंत्राचा कमी आणि परवानगीचा जास्त आहे, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. एपेक्स लेजेंड्स हा गेम २०२२ पासून लिनक्सवर चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस निर्मात्यांनी तो लिनक्सवर बंद केला. फसवणूक करणारे लिनक्सचा आडोसा घेतात आणि त्यांना पकडणे कठीण जाते, असे कारण त्यांनी दिले.

या कारणात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वापरणाऱ्याला स्वतः बदलून, नव्याने बांधून वापरता येतो, त्यामुळे त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला पायाखालची जमीन पक्की असल्याची खात्री राहत नाही. मात्र विंडोजवर कर्नलपर्यंत पोहोचणारे पहारेकरी बसवूनही तेथील फसवणूक संपलेली नाही, हेही तितकेच खरे. लिनक्सवरील खेळाडूंची संख्या थोडी असल्याने त्यांना वगळणे कंपन्यांना स्वस्त पडते, असे माझे मत आहे. व्हॅलोरंट या गेमची गोष्ट आणखी निराळी आहे. त्याचे व्हॅनगार्ड हे फसवणूक रोखणारे सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसते आणि संगणक सुरू होतानाच जागे होते. वाइन कर्नलच्या बाहेर काम करत असल्याने अशा ड्रायव्हरला त्याच्याकडे जागाच नसते. लीग ऑफ लेजेंड्स पूर्वी वाइनवर खेळता येत असे. २०२४ मध्ये त्यालाही व्हॅनगार्ड जोडल्यावर ते दार बंद झाले.

युक्तीबाबत स्पष्टच सांगतो : पहारा चुकवण्याचे उपाय करू नयेत. ते पकडले गेल्यास खाते कायमचे बंद होऊ शकते, आणि त्या खात्यावरची खरेदीही त्याबरोबर जाते. ज्यांच्या मित्रमंडळीचा रोजचा डाव याच गेमवर रंगतो, त्यांनी विंडोजसाठी डिस्कचा एक भाग राखून ठेवावा. स्पर्धात्मक गेमपैकी काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या मात्र लिनक्ससाठीच्या अधिकृत आवृत्त्या आहेत.

प्रश्न : एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले आहेत. विंडोजच्या डिस्कवरचे गेम लिनक्समधील स्टीमला दिसतात; परंतु ‘प्ले’ दाबल्यावर बटण क्षणभर ‘स्टॉप’ होते आणि पुन्हा ‘प्ले’ होते. कोणताही संदेश येत नाही. काय करावे?

उत्तर : ही तक्रार नेहमीची आहे, आणि तिचे मूळ एका विरामचिन्हात सापडते. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरात विंडोजची एक छोटी प्रतिकृती रचतो. तिच्यातील ‘डॉसडिव्हायसेस’ या फोल्डरात ‘सी’ अक्षर आणि त्यापुढे अपूर्णविरामाचे दोन टिंब अशा नावाचा दुवा असतो, कारण गेमला सी ड्राइव्ह हवा असतो. विंडोजच्या नियमांनुसार फाइलच्या नावात हे चिन्ह चालत नाही. त्यामुळे विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर हा दुवा एक तर तयारच होत नाही किंवा तयार झाला तरी पुढे विंडोजच्या डिस्क तपासणीत तो दोष ठरतो. शिवाय विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ते डिस्क अर्धवट झोपवून ठेवते, आणि लिनक्सला तिच्यावर काहीच लिहिता येत नाही. मग तर प्रतिकृतीचा प्रश्नच उरत नाही.

कॉम्पॅटडेटा तेवढा लिनक्सच्या भागात ठेवून विंडोजच्या डिस्ककडून त्याच्याशी दुवा जोडण्याचा मार्ग आहे, पण दोन्ही बाजूंनी अपडेट होत राहिल्यावर त्यात गोंधळ होतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने तयार केलेल्या डिस्कच्या भागात स्टीमची नवी लायब्ररी करून गेम तेथे ठेवावेत, हेच बरे. जुनी प्रत पुसण्यापूर्वी सेव्ह-फाइल तेवढ्या वाचवाव्यात, कारण सर्वच गेम त्या क्लाउडवर ठेवत नाहीत. विंडोजवर त्या बहुधा आपल्या ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘अॅपडेटा’ फोल्डरात असतात. लिनक्सवर त्या प्रतिकृतीतील ‘स्टीमयूजर’ या वापरकर्त्याच्या त्याच नावाच्या फोल्डरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी गेम एकदा सुरू करून बंद करावा, म्हणजे फोल्डर आपोआप तयार होतात.

प्रश्न : गेमची खास लिनक्ससाठीची आवृत्ती उपलब्ध असेल, तर तीच वापरणे योग्य नाही का?

उत्तर : तत्त्वतः योग्य, व्यवहारात नेहमीच नाही. काही कंपन्यांनी अशी आवृत्ती एकदा काढली आणि पुढे तिच्याकडे पाहिले नाही. रॉकेट लीगने तर २०२० मध्ये लिनक्सचा आधारच काढून घेतला. गेम अडखळत असेल तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कॉम्पॅटिबिलिटी’ या भागात जाऊन प्रोटॉन सक्तीने निवडून पाहावा.

प्रश्न : नव्वदच्या दशकातील काही गेम सीडीवर जपून ठेवले आहेत. सध्याच्या ६४-बिट विंडोजवर त्यांतील काहींचे इन्स्टॉलरही उघडत नाहीत. लिनक्सवर ते चालण्याची आशा धरावी का?

उत्तर : जरूर धरावी. त्या काळातील कित्येक गेम स्वतः ३२-बिट असले तरी त्यांचे इन्स्टॉलर १६-बिट असत, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही. वाइन मात्र ते बहुधा चालवतो. गेम डॉसचा असेल तर डॉसबॉक्स वापरावा. माउसने टिचकी मारत पुढे जाणाऱ्या जुन्या साहसी गेमसाठी स्कमव्हीएम अधिक सोयीचा आहे. अडचण येईल ती सेफडिस्कसारख्या नक्कलविरोधी कुलपाची. असे कुलूप असलेली सीडी वाइनवर बहुधा अडते, आणि विंडोज १० नेही त्याचा आधार काढून टाकलेला आहे. तोच गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात विनाकुलूप मिळत असेल तर तेथून घेऊन ‘हिरोइक’ या लाँचरमधून बसवणे सर्वांत कमी कटकटीचे ठरते.