गीतेतले आर्जव आणि आपली आर्जवे

प्रश्न असा आहे: ‘गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना “अहिंसा क्षान्तिरार्जवम्” असे शब्द येतात. एका प्रवचनात त्यातल्या आर्जवाचा अर्थ “देवाच्या विनवण्या करणे” असा ऐकला. विनवण्या करणे हे ज्ञानाचे लक्षण कसे? आणि आर्जव हा शब्द कोणत्या लिंगात चालवायचा? “आर्जव केला” की “आर्जव केले”?’

विनवणीचा इथे काडीचाही संबंध नाही. गीतेतले आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, तोंडात दुसरे आणि हातून तिसरेच, असे नसणे. हा चुकीचा अर्थ प्रवचनांत, कीर्तनांत आणि रोज सकाळी फोनवर येऊन पडणाऱ्या गीतासारांत इतक्यांदा भेटतो की आता गप्प राहवत नाही. करुणा भाकण्याला भक्तीत मानाची जागा आहे, समर्थांची करुणाष्टके आपण लहानपणापासून म्हणतो. पण त्याला गीता आर्जव म्हणत नाही. दोन्ही एक केले की भक्ताच्या सचोटीबद्दल गीतेने जे सांगितले तेच गळून पडते.

गीतेतच पडताळा घ्यावा. आर्जव तिथे चार अध्यायांत येते. तेराव्यात ते ज्ञानाच्या लक्षणांत आहे, सोळाव्यात दैवी संपत्तीत, सतराव्यात शारीर तपात आणि अठराव्यात ब्राह्मणाच्या स्वभावकर्मांत. सोळाव्या अध्यायातली यादी ‘अभयम्’ या शब्दाने उघडते. ज्या यादीचा पहिला शब्द निर्भयता, तिच्यात पहिल्याच श्लोकात गयावया कशी येईल? सतराव्यातली जागा त्याहून बोलकी आहे. तिथे वाणीचे तप वेगळे सांगितले आहे, मनाचे वेगळे, आणि आर्जव घातले आहे शरीराच्या तपात. विनवणी असती तर ती वाणीकडे गेली असती. हा शारीर तपाचा मुद्दा लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

शब्द कसा घडला हे सोपे आहे. लघु-लाघव, मृदु-मार्दव, पटु-पाटव, तसेच ऋजु-आर्जव. ‘इगन्ताच्च लघुपूर्वात्’ हे पाणिनीचे सूत्र, त्याने भाववाचक नाम तयार होते. ऋ ची वृद्धी आर्, शेवटच्या उ चा अव. ऋजु म्हणजे सरळ. शाळेत ऋ शिकवताना ऋषी सगळ्यांना भेटतो, ऋजु कुणालाच भेटत नाही. भेटला असता तर हा गोंधळ निम्मा झाला असता.

आता खरी मौज. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात सूर्याबद्दल एक चरण आहे: ‘ऋजु मर्तेषु वृजिना च पश्यन्’. माणसांमधले सरळ आणि वाकडे पाहत सूर्य वर चढतो. ऋजुच्या समोर उभा आहे तो वृजिन. वृज् म्हणजे वळवणे, पिळणे. वृजिन म्हणजे वाकडे झालेले. पुढे या शब्दाचा अर्थच पाप असा झाला. गीतेच्या चौथ्या अध्यायात ‘सर्वं ज्ञानप्लवेनैव वृजिनं सन्तरिष्यसि’ म्हणताना कृष्ण हाच शब्द वापरतो, आणि आपण ‘पाप’ असे भाषांतर करून पुढे जातो. पण शब्दाच्या पोटात डाग नाही, मळ नाही, बाक आहे. डाग धुवावा लागतो, बाक सरळ करावा लागतो. पापाची ही कल्पना आपल्या परंपरेत फार जुनी आहे आणि मराठी संतांनी ती जितकी जपली तितकी क्वचितच कुणी जपली असेल.

पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ आहे. रोज म्हणणाऱ्यांतल्या कितीजणांना व्यंकटी म्हणजे वाकडेपणा हे ठाऊक असते? माउली खळांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला बाक गळून पडावा एवढेच मागतात. माझ्या मते व्यंकटी हा शब्दही वक्र, प्राकृत वंक, वांकडा याच कुळातला. म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी करताना त्यांनी जगासाठी जे मागितले, त्यात वृजिन जाऊन ऋजुता यावी हे अगदी आरंभीचे मागणे आहे. आणि चोखोबा? ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’. डोंगा म्हणजे वाकडा. नदी डोंगी, कमान डोंगी, आणि शेवटी ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. ज्याला समाजाने वाकडा ठरवून देवळाबाहेर ठेवले, तो म्हणतो, माझा भाव तपासा, तो सरळ आहे. यात विनवणीचा सूर शोधून दाखवावा. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हा उलटतपासणीचा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याची समाधी आज पंढरपूरच्या महाद्वारात आहे.

ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात आर्जव उलगडताना सूर्यच आणला आहे. सूर्य तोंड पाहून प्रकाश देत नाही, आकाश सगळ्यांना सारखीच जागा देते, तसे ज्याचे मन माणसामाणसागणिक बदलत नाही, त्याच्यात आर्जव आहे. वेदातला सूर्य सरळ आणि वाकडे दोन्ही पाहतो. ज्ञानेश्वरांचा सूर्य दोघांनाही सारखाच उजेड देतो. सरळपणाची परीक्षा इथे दोन अंगांनी होते: आतबाहेर एक आहे का, आणि श्रीमंतापुढे व गरिबापुढे एक आहे का. दुसरी परीक्षा आपण विसरलो आहोत. देवापुढे डोळे मिटून प्रामाणिक राहणे अनेकांना जमते. दाराशी आलेल्या दोन माणसांशी एकाच आवाजात बोलणे जमत नाही.

आता शारीर तपाकडे येतो. आर्जव शरीराच्या तपात का घातले, याची भाष्यकारांनी दिलेली उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत. ‘सरळ वागणूक शरीराने घडते म्हणून’ असे सांगून ते सुटतात. मग मौनही शरीरानेच घडते, ते मानस तपात का? माझे ठाम मत असे की ऋजु या शब्दातून शरीराची जाणीव कधीच पूर्ण गेली नव्हती. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात आकृती काढायच्या नऊ ठेवणी सांगितल्या आहेत. पहिलीचे नाव ऋज्वागत: समोरून, सरळ, कुठेही न मुरडलेली. हे नाव वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती आली, पंढरीची. विटेवर दोन्ही पाय जुळलेले, कर कटावर, नजर समोर. तुकोबा ‘समचरण दृष्टि विटेवरी साजिरी’ म्हणतात आणि लगेच मागतात, ‘तेथें माझी हरी वृत्ति राहो’. वृत्ती राहो! मागणे दर्शनाचे नाही, संपत्तीचे तर नाहीच. त्या सम चरणांवर आपली वृत्ती टिकावी, एवढेच. पुढच्याच ओळीत मायिक पदार्थ नकोत म्हणून स्पष्ट सांगितले आहे. मूर्तीची ठेवण आणि भक्ताची ठेवण एक व्हावी, असे मी ते वाचतो.

यावर मला एकदा ऐकवले गेले की कृष्ण तर त्रिभंगी आहे. मान, कंबर, गुडघा तिन्ही ठिकाणी मुरडलेला. वृंदावनातला बांकेबिहारी नावातच वाकडा आहे, कारण बांका हा शब्द वक्रापासूनच आला. आपल्या संतांनीही त्याला प्रेमाने ‘त्रिभंगी देहुडा’ म्हटले आहे. सगळे मान्य. पण त्यामुळे माझे म्हणणे पक्केच होते. मुरली वाजवणारा देहुडा माहीत असूनही, त्याच्यावर रचना करूनही, वारकऱ्यांनी चालत जाण्यासाठी निवडला तो सरळ उभा राहिलेला. मूर्तिशास्त्रज्ञ याला समपाद म्हणतील आणि त्यात विशेष काय असे विचारतील, कारण समपाद मूर्ती देशभर आहेत. विशेष हे की इथे त्या सम पायांवर शेकडो अभंग झाले. ज्या पायांवर नजर ठेवून लोक जन्मभर गात राहिले, ते सरळ आहेत याचा त्यांच्या मनावर काहीच परिणाम झाला नाही, हे मला पटत नाही.

आता एक मोठे नाव आडवे येते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पहिल्याच अध्यायात विनोबा अर्जुन या नावाचा अर्थ ऋजु, सरळ स्वभावाचा असा लावतात. तेव्हापासून प्रत्येक प्रवचनकार तो लावतो. विनोबांबद्दल मला अपार आदर आहे, पण ही व्युत्पत्ती टिकत नाही. अर्जुन म्हणजे पांढरा, लखलखीत. ऋग्वेदात ‘अहश्च कृष्णमहरर्जुनं च’ आहे, काळा दिवस म्हणजे रात्र आणि अर्जुन दिवस म्हणजे उजेडाचा. लॅटिनमध्ये चांदीला अर्जेन्टुम म्हणतात, आपल्याकडे रजत, ती याचीच भावंडे. आणि खुद्द अर्जुनाची साक्ष आहे की! विराटपर्वात तो उत्तराला आपली दहा नावे समजावतो, तेव्हा सांगतो की माझ्यासारखा वर्ण पृथ्वीवर दुर्लभ आहे आणि मी शुद्ध कर्म करतो, म्हणून मला अर्जुन म्हणतात. ऋजुचे नावही काढत नाही. विनोबांचा आशय सुंदर आहे, श्रोता सरळ असावा हे खरेच. पण आशय सुंदर असला की व्युत्पत्ती खरी ठरते, हा समज आपल्या धार्मिक लेखनाला लागलेली कीड आहे. सरळपणा शिकवताना तरी शब्दाशी सरळ वागावे.

मग मराठीत आर्जवाची विनवणी झाली कशी? काही जण छातीठोकपणे सांगतात की हा अरबी-फारसीतून आलेल्या ‘अर्ज’चा प्रताप: अर्ज, अर्जदार, त्यातून आर्जव. अर्ज म्हणजे मांडणे, पुढे ठेवणे, हे खरे. पण एवढ्यावर भागत नाही. ‘लाघवी’ कडे पाहा. लाघव म्हणजे हलकेपणा, चपळाई. मराठीत लाघवी म्हणजे गोड बोलून मन वळवणारा. तिथे कोणता फारसी शेजारी होता? कोणताच नाही, तरी घसरण तीच. म्हणजे वाट मराठीनेच काढली. ती कुठून निघाली याची खूण मला ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात दिसते: ‘आतां बाळाच्या हितीं स्तन्य । जैसें नानाभूतीं चैतन्य । तैसें प्राणिमात्रीं सौजन्य । आर्जव तें ॥’ इथे सरळपणाचा अर्थ सौजन्याकडे झुकला आहे. सौजन्य बोलण्यात उतरले की मृदू होते, मृदू बोलणे काम साधण्यासाठी वापरले की मनधरणी होते. अर्जाने फार तर शेवटी एक धक्का दिला असेल. माउलींचे सौजन्य मात्र आईच्या दुधाचे आहे, बाळाकडून काही मिळवण्यासाठी ते पाझरत नाही.

ऋजु मराठीतून पार गेला असेही नाही. प्राकृतात त्याचे उज्जु झाले, जुन्या मराठीत उजू म्हणजे सरळ, आणि त्यातूनच आपला ‘उजवा’. इंग्रजीतला राइट हा शब्दही मुळात याच कुळातला, आणि तिथेही उजवा व योग्य हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. म्हणून ‘डावे-उजवे करणे’ म्हणजे भेदभाव, हा वाक्प्रचार ऐकला की वाईट वाटते. जो शब्द सगळ्यांशी सारखे वागण्याचा, तोच पंक्तिप्रपंचाला जुंपला गेला. व्रत उजवणे मात्र यातले नाही, ते उद्यापनापासून आले आहे. दोन्ही एक करून ‘व्रत उजवणे म्हणजे सरळ मार्गी लावणे’ असे सांगणारेही भेटतात. त्यांनी कृपया थांबावे.

लिंग नपुंसक. ‘त्याने आर्जव केले’, ‘आर्जव केला’ नव्हे. विनवणीच्या अर्थी अनेकवचन चालते, ‘हजार आर्जवे केली’; सरळपणाच्या अर्थी ते नेहमी एकवचनीच राहते.