मीटिंगमध्ये माझं बोलणं अर्धवटच राहतं

प्रश्न : आठ वर्षं नोकरी करतेय. मीटिंगमध्ये बोलायला लागले की कुणीतरी मध्येच तोडतं आणि माझाच मुद्दा नंतर दुसऱ्याच्या नावावर खपतो. टीम लीडरच्या जागेसाठी अर्ज करावा का?

उत्तर : अर्ज जरूर करा. सगळ्या अटींत तंतोतंत बसण्याची वाट पाहू नका. मुख्य काम जमतंय ना, एवढं बघा.

आता बोलण्याचं. बऱ्याच जणी आधी पार्श्वभूमी सांगतात, निष्कर्ष शेवटी. ऐकणाऱ्याला मुद्दा कुठाय ते कळत नाही, म्हणून तो मध्ये घुसतो. (काही जण तरीही घुसतील, तो त्यांचा स्वभाव.) पहिलं वाक्य निर्णयाचं ठेवा : ‘डिलिव्हरी दोन टप्प्यांत करू या.’ मग एक कारण, एक आकडा, आणि थांबा. ‘माझं चुकत असेल, पण...’ ही सुरुवात टाळाच. कुणी तोडलं तर आवाज न चढवता, त्या व्यक्तीचं नाव घेऊन म्हणा, ‘एवढं वाक्य पुरं करते, मग तुमचं ऐकते.’ आणि लगेच पुढे बोला. हसून सॉरी म्हणालात की संधी गेली.

श्रेय हवं असेल तर मीटिंगआधी मुद्दा दोन ओळींत मेल करा. नंतरचा मेल तक्रारीसारखा वाचला जातो.

मिनिट्स (मीटिंगची नोंद) लिहिणं, वाढदिवसांची वर्गणी गोळा करणं ही कामं एकटीनेच अंगावर घेऊ नका, पाळीपाळीने वाटून घ्या. त्याऐवजी मुदत आणि खर्चाचे निर्णय तुमच्या हातात असतील असं एखादं छोटं काम मागून घ्या. मुलाखतीत सांगायला तेच उपयोगी पडतं.