तीन रविवार जमिनीवर

पोरी,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. "काका, तीन रविवार झाले मी नुसती ग्लायडरचा पंख धरून पळून राहिली अन् हँगर झाडून राहिली, मले सोलो काऊन नाही देऊन राहिले?" फोन करणार होतो पण फोनवर अर्ध्या गोष्टी राहून जातात, म्हणून लिहूनच काढतो, निवांत वाचजो.

सोलो, म्हणजे बिनइंजिनाचं हे विमान एकटीने उडवायला कधी द्यायचं, ते इन्स्ट्रक्टर ठरवणार, त्यात मी बोलणार नाही. पण मागच्या रविवारी सकाळी तू डीआय, म्हणजे उडण्याआधीची रोजची तपासणी करत होतीस तेव्हा मी विंचपाशी, केबल ओढून ग्लायडर वर चढवणाऱ्या यंत्रापाशी, ग्रीस लावत तुझ्याकडेच पाहत होतो. हातात चेकलिस्ट, तू भरभर पुढे चाललीस, टायर टिक, रडर टिक, एलेव्हेटरपाशी, नाक वर-खाली करणाऱ्या शेपटाच्या फळीपाशी आलीस, नजर टाकली अन् टिक. हात लावला नाहीस. सगळ्यांसमोर बोललो नाही, पण ते मला फार लागलं, अन् का लागलं ते आता सांगतो, हे मी आजवर फार कमी जणांना सांगितलं आहे.

तुझ्याच वयाचा होतो. दुरुस्तीनंतर दोन सीटच्या ग्लायडरचं शेपूट परत बसवायचं काम माझ्याकडे होतं. एलेव्हेटरचा पुशरॉड, म्हणजे तो हलवणारा दांडा जोडला, मुख्य पिन आत सरकवली, आता ती निसटू नये म्हणून तिला छोटी सेफ्टी पिन लावायची तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, अबे केबल ओढायला ये. मी सेफ्टी पिन शर्टाच्या खिशात टाकली अन् गेलो. अर्ध्या तासाने आलो, जोड जागेवर दिसला, वरून टेप चिकटवली अन् सही केली. पॉझिटिव्ह चेकसुद्धा केला, एकाने एलेव्हेटर दोन्ही हातांनी घट्ट धरला, दुसऱ्याने आतून स्टिक ओढली, सगळं टाइट, कारण मुख्य पिन तर जागेवर होतीच ना. मग मी गेटवर तर्री पोहे खायला गेलो. पैसे द्यायला खिशात हात घातला तर चिल्लरसोबत ती सेफ्टी पिन हातात आली.

ग्लायडर तिकडे लाँचला उभं होतं, केबल लागलेली, पंख उचललेला. मी प्लेट तिथेच टाकून थांबा थांबा ओरडत पळालो, पोचलो तेव्हा आवाज फुटत नव्हता. ग्लायडर ढकलत परत आणलं. तिथले एक म्हातारे मेकॅनिक होते, त्यांनी मला एक शब्द सुनावला नाही, फक्त टेपचं नवं बंडल हातात दिलं अन् म्हणाले पहिल्यापासून. शेपटापासून नाही, अख्खं ग्लायडर पहिल्यापासून. त्या खडबडीत पट्टीवर ती मुख्य पिन हादऱ्याने हळूहळू बाहेर आली असती तर वर काय झालं असतं ते तूच समज, त्यात दोन माणसं बसली होती.

तेव्हापासून मी दोनच गोष्टी पाळतो. काम मधेच सोडावं लागलं, कोणी चहाला जरी बोलावलं, तरी परत आल्यावर ते काम सुरुवातीपासून. अन् ज्याला हात लावला नाही त्यापुढे टिक नाही. "हे मी नाही पाहिलं" म्हणायची लाज वाटू देऊ नको, कोणी रागावलं तर माझ्याकडे पाठव.

हात लावायचा म्हणजे कसा तेही सांगतो, कारण हे शिकवायला कोणाला वेळ नसतो. कंट्रोल केबल पाहताना तिच्यावरून जुनं सुती फडकं फिरव, उघडा हात नको, कापतो. एखादी बारीक तार तुटली असेल तर डोळ्याला दिसणार नाही पण फडक्याचा धागा तिथे अडकेल, अन् जास्त करून पुलीवरून वळते तिथेच तुटते, म्हणून स्टिक हलवून पुलीत दडलेला भागही बाहेर काढून पाहा. फायबरच्या पंखावर रुपयाच्या नाण्याने हलके हलके वाजवत जा, आपली आई माठ घेताना वाजवून पाहते ना तसंच, चांगल्या जागी खणखणीत अन् आतून थर सुटला असेल तिथे बद्द आवाज. बद्द वाटलं की तिथे खूण कर अन् इंजिनिअरला बोलव, आपण ठरवायचं नाही. ग्लायडरखाली विंचची केबल अडकवायच्या हुकमधे नागपूरची धूळ ग्रीससोबत मळून चिखल होतो, तो पुसून मग दोन्ही टेस्ट कर, केबलला ताण देऊन ती सोडायचा नॉब ओढायचा अन् मग रिंग मागच्या बाजूला ओढून हुक आपोआप सुटते का ते पाहायचं. दुसरी टेस्ट पोरं विसरतात, पण पायलटने केबल सोडली नाही अन् ग्लायडर विंचच्या वरून पुढे निघून गेलं तर तेच वाचवतं. वीक लिंक, म्हणजे ताण जास्त झाला तर आधी तुटणारा केबलमधला तुकडा, तिचा रंगही ग्लायडरच्या मॅन्युअलमधे पाहूनच लाव, काळी साधारण १००० किलोला तुटते, तपकिरी ८५० च्या आसपास, सापडली ती लावली असं चालत नाही.

एप्रिल-मे येऊन राहिला, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. कॅनोपी, म्हणजे बसायच्या जागेवरचं पारदर्शक झाकण, उन्हात उघडी ठेवून कधीच जायचं नाही, ती भिंगासारखी ऊन एका जागी गोळा करते अन् सीट जळते, शिवाय वाऱ्याने आपटली तर तडा. पुसायची तर आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ दे, कोरडं फडकं मारलं की ओरखडे कायमचे. पिटोच्या नळीवर, जिच्यावरून वेग कळतो, कव्हर लावून ठेव, कुंभारीण माशी एका दुपारीत आत मातीचं घर करायला घेते. अन् नळीत फुंकून पाहायचं नाही, एअरस्पीडचं मीटर बिघडतं.

मी शिकलो रोहिणीवर. आपल्याच देशात बनलेलं लाकडी ग्लायडर, पहिल्यांदा उडालं १९६१ मधे, दोन सीटा शेजारी शेजारी. आपल्या लोकांनी ग्लायडरांना नक्षत्रांची नावं दिली, अश्विनी, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा, त्यातली रोहिणी, मृग, आर्द्रा तर आपले शेतकरी पेरणीचा हिशोब लावतात तीच, मला हे फार आवडतं. शेजारी बसल्यामुळे इन्स्ट्रक्टरचा हात दिसायचा, स्टिक किती हलकी धरतात ते मी तिथे पाहून शिकलो.

अन् पंख धरून उभी असतेस तेव्हा मोबाईल नको पाहू. साडेदहा अकराला काळ्या रानावर घारी कुठे गोल फिरायला लागतात ते पाहा, तिथे थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा असते, नांगरलेली काळी जमीन लवकर तापते, संत्र्याच्या ओल्या बागांवर तेव्हा काहीच नसतं. कोराडीच्या चिमणीचा धूर कुठे कलला अन् पट्टीवरचा विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी, काय सांगतो, दोन्ही जुळतं का ते बघ. वर गेल्यावर हे शोधायला वेळ नसतो, विंचने वर गेलीस अन् थर्मल नाही मिळालं तर पाच-सहा मिनिटांत खालीच यायचं असतं.

रविवारी सहाला येजो, ऊन चढायच्या आत. घरून जुनी सुती बनियन फाडून आणजो, फडक्याला तीच चांगली, अन् एक रुपयाचं नाणं. शेपटापासून सुरू करू, तू तपासशील अन् मी नुसता बाजूला उभा राहीन.

काका